चाक थांबेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाला मी पहिली थोबाडीत दिली तेव्हा त्याच्या हातातला चहा भिंतीवर उडाला. दुसरी दिली तेव्हा तो खरं बोलायला लागला. आमच्या घरात खरं बाहेर यायला दोन लागतात, एकीवर कुणाचं कधी भागलेलं नाही. वडीलही दोनच द्यायचे, फक्त त्यांचा हात माझ्यापेक्षा जड होता.

प्रकरण डायचं होतं. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, तीन प्रेस आणि आठ-नऊ माणसं. आम्ही बिजागऱ्या बनवतो. खाली डाय, म्हणजे पोलादाचा साचा, त्यावर पत्र्याची पट्टी, आणि वरून पंच आदळला की बिजागरीचं पान कापून बाहेर पडतं. डाय नसेल तर प्रेस म्हणजे नुसतं आवाज करणारं लोखंड. त्या सकाळी कपाटाच्या बिजागरीची डाय जागेवर नव्हती. वडिलांनी ती स्वतः घासून घासून बनवली होती, आणि माझ्या भावाने ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून किलोच्या भावाने विकली होती.

"संध्याकाळपर्यंत सोडवून आणणार होतो," तो गाल चोळत म्हणाला.

"कशाच्या जिवावर?"

त्याने फोन काढून माझ्यासमोर धरला. कुठल्यातरी लांबच्या देशातली मॅच चालू होती. खेळाडू कोण, मैदान कुठलं, त्याला काही पत्ता नव्हता. पुढचा गोल कोणत्या रंगाच्या कपड्यातला माणूस मारणार, एवढ्यावर त्याने वडिलांची डाय लावली होती.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. आधी बायकोचे दागिने गेले, मग पोरीची फी गेली, मग घराचं भाडं. दर वेळी तो माझ्या पायाशी बसून रडायचा, मी निस्तरायचे, आणि दर वेळी मला वाटायचं की आता याला अद्दल घडली. कसली अद्दल आणि कसलं काय. डाय गेल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. त्याची कॉलर धरून मी त्याला शेडच्या दारापर्यंत फरफटत नेलं आणि म्हटलं, चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. माणसं प्रेस थांबवून बघत होती. तो चौकटीला धरून खाली बसला.

"ताई, मला नाही थांबता येत," तो म्हणाला. "तूच थांबव."

आतापर्यंत त्याने शपथा खूप घेतल्या होत्या. शेवटचं, आईशप्पथ शेवटचं, हे तर मला पाठ झालं होतं. थांबता येत नाही, असं तो पहिल्यांदाच म्हणाला, आणि माझा राग पार उतरला. डाय गेली तर गेली, दुसरी घडवता येते. मला माझा भाऊ माणसात यायला हवा होता. त्याच्याइतका चांगला प्रेसवाला मी पाहिलेला नाही. पट्टी सरकवताना त्याची बोटं अशी चालायची की बाहेरून आलेलं गिऱ्हाईक माल सोडून त्याचे हात बघत उभं राहायचं.

उपायही त्यानेच सुचवला. "कपाटात ठेवू नकोस," तो म्हणाला. "कुलूप मी अर्ध्या मिनिटात तोडतो. वेल्डिंग मार."

लोकांच्या घरात अशा वेळी काय करतात मला माहीत नाही. डॉक्टरकडे नेत असतील, कुणा शहाण्यासुरत्याला विचारत असतील. आम्ही लोखंडातली माणसं. आम्ही जाड पत्र्याचा डबा घेतला, फोन बंद करून बँकेच्या कार्डासकट ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि आत ठेवला. त्याने पकडीने झाकण दाबून धरलं आणि मी वेल्डिंग केलं. बॅटरी तापून फुटू नये म्हणून थांबून थांबून एकेक टाका मारला. मग तो डबा शेडबाहेरच्या पडवीत, माझ्या टेबलामागच्या लोखंडी खांबाला चिकटवून टाकला. पगार परस्पर त्याच्या बायकोच्या हातात द्यायचा असं ठरलं.

"मी मागितला तरी देऊ नकोस," तो म्हणाला. "पाया पडलो तरी. अंगावर आलो तरी."

"येऊन तर बघ," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

तो आलाच. आठवडाही उलटला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी हात धुऊन परत आले तर टेबल उलथवलेलं, आणि हा खांबापाशी गुडघ्यावर बसून छिन्नी-हातोड्याने डब्याचा जोड फोडत होता. शर्ट घामाने भिजलेला, डोळे तांबारलेले. मी मागून त्याचे केस धरले. तो वळला तो हातोड्यासकट वळला. हातोडा माझ्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी कडकन मोडलं.

"सोड," तो म्हणाला. "आज एकच खेळायचाय. एकच. सगळं परत येतं आज."

मी सोडला नाही. दुसऱ्या हाताला पट्टीचा तुकडा लागला, तो मी त्याच्या नडगीवर हाणला. तो आडवा पडला आणि पडल्या पडल्या माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी त्याच्या तोंडावर गुडघा घातला. पुढचा एक दात फरशीवर पडला. हा माझा भाऊ, याला मी कडेवर घेऊन फिरवलंय, आणि त्या घटकेला मला तो मेला असता तरी चाललं असतं. शेवटी काका आणि दोन माणसं त्याच्या छातीवर बसली तेव्हा तो निपचित झाला. काका म्हणजे आमचा सगळ्यात जुना प्रेसवाला. मला त्याने फ्रॉकमध्ये पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी भाऊ मलम घेऊन आला. माझा हात गळ्यात बांधलेला, त्याचा ओठ फुगून वांग्याएवढा झालेला. "दिला नाहीस ते बरं केलंस," तो म्हणाला. मलम त्याने माझ्या टेबलावर ठेवलं आणि मुकाट कामाला लागला. मला वाटलं, जिंकले. हाड मोडलं पण डबा शाबूत राहिला. रोज सकाळी आल्या आल्या मी त्या डब्यावर थाप मारायचे, पाळलेल्या कुत्र्याच्या पाठीवर मारावी तशी.

त्यानंतर तो खरंच सुधारला. म्हणजे मला तसं दिसलं. वेळेवर यायचा, शीळ घालायचा, माणसांशी हसून बोलायचा. आधी फोनमध्ये तोंड खुपसून एकटा जेवणारा हा, आता सगळ्यांच्या घोळक्यात बसून जेवायला लागला. शेडमध्ये इतकी खेळीमेळी मी कधी पाहिली नव्हती.

बारीकसारीक गोष्टी दिसत होत्या, नाही असं नाही. ग्राइंडरवाला दुपारी उपाशी बसलेला असायचा. विचारलं तर म्हणायचा, पोट बिघडलंय. आणि माझ्या भावासमोर दोन डबे उघडलेले असायचे. एकदा काका शेड झाडताना दिसला. साठी उलटलेला माणूस झाडतोय आणि तरणी पोरं बघतायत, म्हणून मी पोरांना फैलावर घेतलं. तर काकाच म्हणाला, "असू दे गं, हौस आहे मला." सगळ्यात गंमत म्हणजे मी सकाळी कुणावर ओरडले की सगळे एकदम घड्याळाकडे बघायचे. एखादा कपाळावर हात मारायचा, एखादा गालात हसायचा. मला वाटलं, चला, माणसांना वेळेची किंमत कळायला लागली. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. बाई जेवणाआधी ओरडते की जेवणानंतर, यावर माझ्याच शेडमध्ये पैजा लागत होत्या आणि मी त्यांच्यासाठी रोज ओरडत होते.

मग एका दुपारी भावजय आली. ती कधी कारखान्यात येत नाही, तिला आवाज सहन होत नाही. पोरीचा हात धरून ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. तिने पोरीची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी काळीनिळी झाली होती. काही डाग जुने, पिवळट पडलेले. काही ताजे.

"पडली?" मी विचारलं. उगाच विचारलं, पडल्याने असे डाग पडत नाहीत हे मलाही दिसत होतं.

"बापाने चिमटे काढलेत," भावजय म्हणाली. "शेजाऱ्याशी पैज लावतो. चिमटा काढला तरी माझी पोरगी रडत नाही म्हणून. सकाळी मी भाजी आणायला जाते तेव्हा चालतं हे. आज लवकर परत आले म्हणून दिसलं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, भाऊ सुधारला. पगार हातात येत होता. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं."

पोरगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. आई रागावलीय म्हणजे आपल्याच हातून काहीतरी चुकलंय, असं तिला वाटलं असावं. ती माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी एकदाही रडले नाही. दर वेळी बाबाच जिंकले."

मी उठले. मोडलेला खांदा अजून दुखत होता, पण हातात पाना कधी घेतला ते मला कळलंही नाही. शेडकडे जाताना एकच ठरवलं होतं, की आज त्याची बोटं मोडायची. ज्या बोटांनी त्याने त्या पोरीला धरलं, ती एकेक करून मोडायची. हे मी रागाच्या भरात म्हणत नाहीये. मला ते खरंच करायचं होतं.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि थबकले. दोन प्रेस बंद होते. भर कामाच्या वेळी बंद. सगळी माणसं शेवटच्या तिसऱ्या प्रेसभोवती उभी होती, कुणी हूं की चूं करत नव्हतं. त्या कोपऱ्यात उजेड येत नाही, म्हणून प्रेसवर दिवा टांगलेला असतो. त्या दिव्याखाली माझा भाऊ उभा होता.

आमच्या प्रेसला दोन दांडे आहेत, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम ओढले तरच पंच खाली येतो. आधी पायाने दाबायची पट्टी होती. तिच्यात काकाची दोन बोटं गेली, तेव्हा वडिलांनी ती उखडून टाकली आणि दांडे बसवले. दोन्ही हात दांड्यांवर गुंतले की डायमध्ये घालायला तिसरा हात माणसाकडे नसतो. एक दांडा कुणी बांधून ठेवलेला सापडला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, हा वडिलांचा नियम, आणि तो मीही कधी मोडला नव्हता.

उजवा दांडा तारेने बांधलेला होता. मला दारातून ती तार चमकताना दिसली. डायवर पत्रा नव्हता, एक नाणं होतं. डाव्या हाताने दांडा ओढायचा आणि पंच आदळायच्या आत उजव्या हाताने नाणं उचलायचं. त्याने हे आधीही केलं असणार, कारण त्याचा चेहरा शांत होता. इतका शांत मी त्याला डबा बंद करतानाही पाहिला नव्हता. सगळ्यात पुढे काका उभा होता, मुठीत नोटा धरून. त्या मुठीला तीनच बोटं आहेत.

दांड्यावर हात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे आमच्याकडे पोरंबाळंही जाणतात. हाक मारली की मान वळते आणि हात जिथल्या तिथे राहतो. म्हणून मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ओरडायचं सोडून मी डोकं वापरायला गेले. मेन स्विच दाराशीच आहे. मी तो खाली खेचला.

मोटर बसली. दिवा गेला. पण प्रेसचं चाक मोटर गेली म्हणून थांबत नाही. माणसाच्या छातीएवढं बिडाचं चाक, एकदा वेगात आलं की वीज गेल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर पंच खाली येतो. हे मला चालायला शिकायच्या आधीपासून माहीत आहे. त्या क्षणी ते माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. त्याचा डावा हात दांडा ओढत होता आणि मी त्याच्या डोळ्यांसमोर अंधार केला.

आधी नाणं वाजलं. ते फरशीवर पडून टणटण करत लांब गेलं, सगळ्यांनी ऐकलं. मग पंच आदळला. पत्रा कापताना जसा वाजतो तसा नाही वाजला. ओलं काहीतरी चिरडल्यासारखा, बसका आवाज आला. मग पंच आपला वर जाऊन थांबला, रोजच्यासारखा.

तो ओरडला नाही. काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटला. कुणीतरी फोनचा दिवा लावला. मी माणसांना ढकलत पुढे घुसले. उजव्या हाताचा अंगठा जागेवर होता. बाकी जे होतं ते डायला चिकटलं होतं, आणि रक्त प्रेसच्या अंगावरून खाली ओघळत होतं. मी पाना पायाशी टाकला आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं. पट्टा आण, फडकं आण, टेम्पो काढ, असं मी कुणाकुणाला सांगत होते.

काका वाकून फोनच्या उजेडात फरशीवर शोधत होता. मला वाटलं, बोटं शोधतोय. हॉस्पिटलात न्यायला म्हणून. मला भरून आलं. म्हटलं, कसाही असला तरी जुना माणूस. मग काका सरळ झाला आणि त्याने हात वर केला. त्याच्या हातात नाणं होतं.

"बाहेर आलंय," तो इतरांना म्हणाला. "आधीच बाहेर आलं होतं."

मी त्याच्या पोटात लाथ घातली. तो दोन बादल्यांवर जाऊन उताणा पडला. नाणं पुन्हा निसटलं आणि कुणीतरी लगेच त्याच्यावर उजेड टाकला. माझ्या भावाचं रक्त माझ्या कोपरांपर्यंत आलं होतं आणि त्या शेडमधली माणसं हरलं कोण, यावर बोलत होती. एका हाताने मनगट धरूनच मी पायाशी पडलेला पाना उचलून फेकला. कुणाला लागला मी बघितलं नाही, पण कुणीतरी किंचाळलं आणि मला बरं वाटलं.

टेम्पोत मागे आम्ही दोघंच होतो. पोरीला घेऊन भावजय पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पट्टा दाताने ओढून आवळला. फडकं भिजलं की दुसरं गुंडाळत होते. रस्त्यावर खड्डा आला की त्याचं डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर आपटायचं. त्याची बोटं मोडायची म्हणून मी निघाले होते, आणि ती माझ्याच हातून गेली होती. मला रडायचं होतं, पण आधी त्याच्याकडे बघावं की स्वतःकडे, हे कळत नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते, पण डोळे लख्ख. "नाणं निघालं ना?"

मी फडक्याची गाठ आवळली.

"अंधार झाला म्हणून मला दिसलं नाही. आवाज आला. आधी नाणं वाजलं की आधी पंच?"

जिंकलास म्हटलं असतं तर तो उद्या डाव्या हाताने खेळला असता. हरलास म्हटलं असतं तर गेलेलं परत मिळवायला खेळला असता. काहीही सांगितलं तरी त्याला खेळायलाच जायचं होतं. फोन मी लोखंडात कोंडून खांबाला चिकटवला होता, रोज त्यावर थाप मारत होते, आणि तो डबा उघडून बघायची कुणाला गरजही उरली नव्हती. मला त्याची इतकी भीती कधीच वाटली नव्हती, हातोडा घेऊन अंगावर आला होता तेव्हासुद्धा नाही.

"अरे, रड," मी म्हटलं. "हात गेलाय तुझा. दुखतंय तर रड ना, मेल्या."

"दुखत नाहीये," तो म्हणाला. "तू आधी सांग."